ओळखलं नाही तोवर

ग्रे कोव्ह, न्यूफाउंडलंड
१२ नोव्हेंबर १९६१

प्रिय फिलोमिना,

आधी खुशाली लिहायची आणि मग बाकीचं, असं शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. तर खुशाली अशी की गेरार्डच्या बायकोला पाचवा मुलगा झाला, गाईला वासरू झालं आणि मनुकांचा काळा केक मी गेल्या रविवारी करून रमच्या फडक्यात गुंडाळून ठेवला. खुशाली संपली.

आईच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत सेंट जॉन्सला नेऊन कापून काढावी लागेल. मी विचारलं, धोका कितपत? तर टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आई मात्र नाताळच्या तयारीला लागलीय. अकरा मुलांचे अकरा जोड हातमोजे, दरवर्षीसारखे. अँब्रोजचाही जोड विणून झाला. तो गेली चार वर्षं जिथे जातो तिथेच गेला, तिच्या पेटीत तळाशी. काल पेटी बंद करताना म्हणाली, "लोरेटा, सेंट जॉन्सला जायच्या आधी मला त्याला एकदा बघायचंय. बाबांना सांगू नकोस." आता हे मी कुणाला सांगू? म्हणून तुला सांगतेय. तो बॉस्टनलाच आहे ना? तुझ्याकडे येतो का?

बाबांचं तुला माहीतच आहे. भर हंगामात अँब्रोज न सांगता पहाटेच्या बोटीनं निघून गेला, होडीवर एक माणूस कमी पडला आणि बाबांची दोन बोटं दोराच्या रहाटात गेली. तेव्हापासून या घरात ते नाव नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाआधी उभे राहून देवाचे आभार मानतात, एकेका मुलाचं नाव घेऊन, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. गेरार्ड, फिलोमिना, लोरेटा. तुझ्या आणि माझ्या मधला भाऊ जन्मलाच नाही जणू.

त्यांना आता मोतीबिंदूही झालाय. सुईत दोरा मीच ओवून देते.

तू स्वतः यायचा विचारही करू नकोस, सातव्या महिन्यात बोटीचा प्रवास नको. नुसतं लिही.

तुझी लोरेटा


बॉस्टन
२४ नोव्हेंबर

लोरेटा,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दोनदा रडले. आता रडणं पुरे.

अँब्रोज दर रविवारी मिस्सा झाली की माझ्याकडे जेवायला येतो. उंच इमारतींच्या लोखंडी तुळयांवर काम करतो. बोलत काही नाही, ताट मात्र स्वच्छ करतो. त्याला आईचं सांगितलं. हातातला काटा खाली ठेवला आणि खिडकीतून बघत बसला.

मी ठरवलंय. तो येईल, आणि बाबांना कळणार नाही. कसा? अगं, सोंग होऊन! नाताळचे बारा दिवस अख्खं गाव तोंडाला पडदे लावून घरोघर हिंडत असतं. त्यात एक सोंग जास्त झालं तर कोण मोजतंय? तो टेकडीपलीकडे पॅडीज आर्म बंदरात उतरेल, माईक मामाकडे राहील, आणि स्टीफनच्या दिवशी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या घोळक्याबरोबर टेकडी ओलांडून येईल. आजीचा घागरा, तोंडावर खिडकीचा जाळीचा पडदा, हातात मोजे. बाबांना मोतीबिंदू आहे, तूच लिहिलंस. आईला फक्त आधी कानात सांगून ठेव. ती बघेल, तो बघेल, आणि तो निघून जाईल. कुणाचं काय बिघडलं?

नवरा म्हणतो तू सेनापती व्हायला हवी होतीस. मी म्हटलं, दहा भावंडांवर मोठी झालेली बाई तीच असते.

फिलोमिना

ता.क. भावंडांवर मोठी म्हणजे गेरार्ड सोडून. पण गेरार्डला कोण मोजतंय!


ग्रे कोव्ह
५ डिसेंबर

फिलोमिना,

नको. पाया पडते, नको.

तू बॉस्टनला राहून इथले नियम विसरलीस. सोंग घरात आलं की घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की त्यानं पडदा काढायचा, केकचा तुकडा, एक घोट, आणि चला पुढच्या घरी. ओळखलं नाही तोवर मात्र त्याला कुणी उठवत नाही, आणि सगळे त्याच्या अंगाशी येऊन बघतात. खांदे दाबतात, पाय बघतात, नाचायला लावतात. आणि या खेळात बाबांचा हात धरणारा अख्ख्या खाडीत कुणी नाही! गेल्या वर्षी त्यांनी फादर डनला ओळखलं होतं, तेही त्यांच्या शिंकेवरून. डोळे गेले म्हणून काय झालं?

आणि ओळखलं तर? फिली, तू इथे नसतेस म्हणून सांगते. मागच्या नाताळात धाकट्या जेरोमच्या तोंडून जेवताना निघून गेलं, "अँब्रोज असता तर त्यानं डोकं मागितलं असतं माशाचं." बाबा ताट तसंच ठेवून उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. नाताळच्या दिवशी. नुसत्या नावाला ही तऱ्हा. तो माणूसच समोर दिसला आणि चाळीस लोकांदेखत त्यांनी त्याला दार दाखवलं, तर? आई ते बघेल आणि त्यानंतर महिन्याभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपेल. मला कल्पनाच करवत नाही.

त्याला पाठवू नकोस. फोटो काढून पाठव. आई फोटोवर समाधान मानेल. मानणार नाही, पण मी मनवीन तिला.

लोरेटा


बॉस्टन
१५ डिसेंबर

लोरेटा,

तुझं पत्र आज आलं. तो परवा गेला.

रागावू नकोस, अजून रागावण्यासारखं पुढे आहे. सांगावंसं वाटत नाही, पण सांगितलं नाही तर झोप लागणार नाही. तो यायला तयार नव्हता. "चोरासारखा माझ्याच घरात कशाला जाऊ," म्हणाला. तीन रविवार तेच. मग मी म्हटलं, बाबांनी तुझ्याबद्दल विचारलंय. लोरेटाच्या पत्रात आहे. म्हटलं, बाबा म्हणाले की सोंग होऊन आला तर मी त्याला ओळखेन.

असं काही झालं नाही हे तुला माहीत आहे. मला माहीत आहे. त्याला माहीत नाही. हे ऐकलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला शब्द परत घेता आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यानं आईसाठी लोकरीची शाल घेतली आणि बाबांसाठी तंबाखूचा डबा.

आता तो बाबांनी ओळखावं म्हणून येतोय, आणि आपण दोघी त्यांनी ओळखू नये म्हणून देवाला साकडं घालतोय. मी काय करून बसले! त्याला गाठून खरं सांगता आलं तर सांग. नाही तर गप्प राहा. मला काहीच कळत नाहीये. पोटातलं बाळसुद्धा लाथा मारतंय.

फिलोमिना


ग्रे कोव्ह
२८ डिसेंबर

फिली,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी हातात पडलं. वाचलं आणि चुलीत टाकलं. तुला शिव्या घालायला वेळ नव्हता, मासे भिजत होते.

त्याचा पत्ता नाही. आठवडाभर असा वारा सुटलाय की किनाऱ्याची बोट कुठे अडकलीय ते तारमास्तरालाही ठाऊक नाही. ती निघाली होती एवढंच कळलं. मी दिवसातून चारदा टेकडीवर जाऊन समुद्र बघून येते. शेजारची नोरा विचारते, कोण यायचंय गं? मी म्हणते, साखर.

तो येतोय हे आईला मी सांगून बसले होते. तेही चुकलंच. आता ती नुसती वाऱ्याकडे कान लावून असते. स्टीफनच्या दिवशी तीन घोळके आले. प्रत्येक उंच सोंगाकडे ती मान पुढे काढून बघायची. एक निघाला पोस्टमास्तरचा जावई, दुसरी निघाली चक्क नोरा, दोन फळ्या बुटाला बांधून.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं रीतसर झालं. जपमाळ, खिडकीत मेणबत्ती, खारा मासा, गोड पाव. अठ्ठावीस माणसं होती, पोरं जिन्यावर बसली. बाबा आभार मानायला उठले. गेरार्डसाठी, कारण त्यानं छप्पर घातलं. फिलोमिनासाठी, कारण ती दर महिन्याला आठवण ठेवते. मग त्यांना खोकला आला. पाणी प्यायले. मग, लोरेटासाठी, कारण ती आईचं करते. मला वाटलं होतं निदान या वर्षी, आई अशी असताना, एक अक्षर तरी! छातीत सर्दी आहे त्यांच्या, राळ लावायला हवी. माझा जीव आता सर्दीवरही चिडतोय.

बोट बुडाली असेल का, एवढं फक्त मला कुणी सांगा.

लोरेटा


ग्रे कोव्ह
३ जानेवारी १९६२

फिली,

हे पत्र तुला उशिरा मिळेल म्हणून सकाळी तार केली. तारेत मावलं नाही ते आता.

बोट तीस तारखेला पॅडीज आर्मला लागली. तो काल आला.

दिवेलागणीला दारावर काठ्या वाजल्या. "सोंगं येऊ देत का आत?" आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत, त्या घोगऱ्या आवाजात. बाबा म्हणाले, "या, पण बूट झटका." सहा जण होते, आणि बघायला नोरासकट अर्धं गाव आधीच आमच्या घरात जमलेलं. पाच जणांना बाबांनी पाव तासात उडवलं. एकाला चालीवरून, एकाला ढेरीवरून. पडदे निघाले, केक झाला, घोट झाला, मंडळी निघाली. सहावा राहिला. जाळीचा पडदा, घागरा, आत शर्ट कोंबून केलेली छाती, हात मात्र उघडेच. मी ओळखलं, फिली. बाकावर बसताना उजवा पाय दुमडून खाली घेतो ना, तसाच बसला.

बाबांनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर आणली. गुडघ्याला गुडघा. मी हातातली बशी खाली ठेवून दिली.

"हा पॅट पॉवर," बाबा म्हणाले.

त्यानं मान हलवली. नाही.

"मग मास्तर. पण मास्तर इतका वेळ गप्प बसायचे नाहीत."

सगळे हसले. नाही.

"फादर डन? शिंक बघू."

नाही. मग जे सुरू झालं! वाणी, तारमास्तर, दीपगृहवाला, त्याची बायको, विधवा नोरा ("मी इथे उभी आहे की, मेल्या!" नोरा ओरडली). लोकांना आधी हसू आवरेना. मग हळूहळू हसू कमी झालं. बाबा थांबेचनात. खाडीतला एकेक माणूस घेतला. मग मेलेले घेतले. अठ्ठेचाळीस साली बुडालेला मिक हॅनन. आपले आजोबा. "आजोबा आलात की काय थडग्यातून?" असंही विचारलं. फक्त एक नाव नाही. आणि अँब्रोज प्रत्येक नावाला मान वर करायचा, मग खाली घालायचा. तो वाट बघत होता गं. तू त्याला सांगितलं होतंस ना ओळखतील म्हणून.

मधेच आई उठली. न ओळखलेल्या सोंगाला केक देत नाहीत, पण तिनं दिला. मग पेटीतले मोजे आणले, पाचही जोड, आणि त्याच्या मांडीवर ठेवले. "गार दिसतायत हात," म्हणाली. एवढंच. बाबांनी बघितलं आणि काही विचारलं नाही. पुढचं नाव घेतलं.

मी घड्याळ बघितलं होतं, सव्वा तास झाला. नोरा म्हणाली, "टोबिन, हरलास, सोड त्याला." बाबा म्हणाले, "अजून माझं झालं नाही."

मग तो उठला. बाबा म्हणाले, "कुठे निघालास? ओळखलं नाही तुला अजून." तो दाराशी थांबला. पाठ आमच्याकडे. फिली, तो पूर्ण थांबला. एवढा वेळ दिला त्यानं बाबांना. आणि बाबा म्हणाले, "बर्टी कसाई?"

तो गेला. शाल आणि तंबाखूचा डबा बाहेर लाकडांच्या ढिगावर ठेवलेला सकाळी सापडला.

आई म्हणते, दिसला मला, पुरे झालं. पण काल ती जेवली नाही. आणि बाबांशी मी बोलत नाही. माणसाचे डोळे जातात तसं काळीजही जातं का? की मुद्दाम केलं? मेलेल्यांची नावं आली तोंडात, जिवंत पोराचं नाही. माईक मामाकडून निरोप आला, अँब्रोज सहा तारखेच्या बोटीनं परत जाणार आणि पुन्हा यायचा नाही म्हणतो.

लोरेटा


तार
बॉस्टन, ४ जानेवारी

बाबांना सगळं सांग. सोंगाची कल्पना माझी. ओळखतील हे खोटं माझं. दोष माझ्यावर घाल. त्याला जाऊ देऊ नका. फिलोमिना


ग्रे कोव्ह
७ जानेवारी

फिली,

तो इथे आहे. आधी हे वाच आणि श्वास घे. सहाची बोट त्याच्याशिवाय गेली. वीसच्या बोटीनं आईला सेंट जॉन्सला तोच नेणार आहे. आईनं आज दोनदा जेवून घेतलं आणि डॉक्टरांना नावं ठेवली, म्हणजे बरी आहे.

तुझी तार आली तेव्हा बाबा जाळं शिवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तुझं खोटं, माझं लपवणं, आईचं सांगणं, तो कशाला आला होता ते. माझ्या तोंडाला लगाम नव्हता. म्हटलं, तुम्ही मेलेल्यांना घरात बोलावलंत आणि त्याला हाकललंत. मला वाटलं आता उठून गोठ्यात जातील. त्यांनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, "तो ओळखून घ्यायला आला होता?" मी म्हटलं, हो. त्यांनी जाळं मांडीवरून बाजूला सारलं. मग म्हणाले, "कागद आण. मला दिसत नाही, तू लिही."

गेरार्ड ते पत्र घेऊन गुडघाभर बर्फातून टेकडीपार गेला. काल दुपारी अँब्रोज दारात उभा होता. पडदा नाही, घागरा नाही. बाबा म्हणाले, "बूट झटक." बस, एवढंच. त्यानं झटकले.

पत्राची नक्कल मी तुझ्यासाठी उतरून घेतलीय. तेव्हा लिहिताना जे झालं ते नक्कल करतानाही झालं, म्हणून डाग आहेत.

लोरेटा


ग्रे कोव्ह
५ जानेवारी १९६२

अँब्रोज,

हे लोरेटा लिहितेय, मी सांगतोय. ती मधे मधे नाक ओढतेय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मला आत्ता कळलं की तुला वेगळं सांगून आणलं होतं. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. या घरात बायकाच सगळं ठरवतात आणि आपण दोघं मूर्ख बनतो.

बोटांचं आधी सांगतो. ती तुझ्यामुळे गेली नाहीत. एक माणूस कमी आहे हे दिसत असताना मी होडी काढली. रागानं काढली. राग तुझ्यावर होता, होडी माझी होती. हे मी त्याच आठवड्यात समजलो होतो. सांगायला तू नव्हतास, आणि मग न सांगण्याची सवय झाली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आभार मानताना फिलोमिनानंतर मला दर वर्षी खोकला येतो. पोरींना वाटतं सर्दी आहे.

आता त्या संध्याकाळचं. तुला मी दारातच ओळखलं. आपली चौकट ठेंगणी आहे. पाचही जणांनी कपाळ आपटून घेतलं आणि तू न बघता वाकलास. डोळे लागतात कशाला त्याला? तुझी आई काय करतेय तेही मला दिसत होतं.

मग तू बाकावर बसलास. आता काय करायचं मला कळेना. नाव घेतलं असतं तर तू पडदा काढला असतास. चाळीस माणसांसमोर मला काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि चार वर्षांत मला ते जमलेलं नाही. तू केक खाल्ला असतास, घोट घेतला असतास, आणि ओळखलेलं सोंग पुढच्या घरी जातं. हा नियम माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचा आहे. न ओळखलेल्याला मात्र कुणी उठवत नाही.

म्हणून मी नावं चुकवत गेलो. खाडीतली संपली तेव्हा स्मशानातली घेतली. तू समोर बसला होतास, चुलीजवळ, आईचे मोजे मांडीवर घेऊन. मला दुसरं काही नको होतं. तू दाराशी थांबलास तेव्हा मला वाटलं तू परत बसतोयस, म्हणून घाईघाईनं बर्टी कसायाचं नाव घेतलं. ते चुकलं.

बसला असतास, तर मी चुकतच राहिलो असतो, पोरा.

तुझा बाप